पंच्याण्णव अंशांचा गुडघा

माझ्याविरुद्ध माझ्याच दवाखान्यात, माझ्याच बाकावर बसून कट शिजत होता आणि त्याचा पत्ता मला सात संत्र्यांमुळे लागला. पण संत्र्यांच्या आधी गुडघा सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कुठून कुठे चालली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाक्य मी गेली चोवीस वर्षं लोकांना सांगते आहे आणि त्यावर लोकांचं उत्तर गेली चोवीस वर्षं एकच आहे : "म्हणजे मालिश." मी नाही म्हणते. स्नायू, सांधे, मज्जातंतू यांवर दोन मिनिटं बोलते. समोरचा समजूतदारपणे मान डोलावतो आणि म्हणतो, "बरं झालं भेटलात, आमच्या वहिनीलाही मालिशवालीच हवी होती." माझ्या स्वतःच्या लग्नात नवऱ्याच्या एका काकांनी आशीर्वाद देऊन झाल्यावर तिथेच बूट काढून मला आपली टाच दाखवली होती. तेव्हापासून मानापमानाच्या बाबतीत मी जरा हळवी आहे.

दवाखाना म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेर एक लांब बाक, आत दोन खाटा, भिंतीवर खांद्याच्या व्यायामाचं लाकडी चाक, रंगीत रबरी पट्ट्या आणि दाराजवळ लटकवलेला प्लास्टिकचा सांगाडा. सांगाड्याच्या डाव्या पायाची करंगळी माझ्या मुलीने लहानपणी हरवली, एरवी तो पूर्ण आहे. जिन्याच्या पलीकडे शिंपीकाकांचं दुकान. ते माझे शेजारी आणि खांदा आखडल्यापासून माझे पेशंटही.

चोवीस वर्षं हे सगळं बरं चाललं. मग आरोग्यसेवेत सुधारणा झाली. पूर्वी विमा कंपनी पेशंट जितक्या वेळा येईल तितक्या वेळांचे पैसे द्यायची. आता परिपत्रक आलं की, पेशंट किती वेळा आला याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही, तो किती सुधारला ते बोला. माझे दहांतले आठ पेशंट या कंपनीचे, तेव्हा मला ते ताबडतोब पटलं. त्याच सुमारास समोरच्या इमारतीत एक काचेचं सेंटर उघडलं. तिथे सरकते पट्टे, कॉफीचं यंत्र आणि पेशंटमागे बारा मिनिटं. त्यांनी मला नोकरीही देऊ केली होती. छातीवर नावाचा बिल्ला लावायचा आणि बारा मिनिटांनी घंटा वाजली की हातातला पाय खाली ठेवायचा. मी विचार करून सांगते म्हणाले. बारा मिनिटांत आमच्या मोठ्या बाईंचा जिना चढून लागलेला दमसुद्धा उतरत नाही.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला कधी शिकवलेलं नाही, पण साठीच्या आतल्या कुणालाही त्या अरे-तुरेच करतात. पायरीवरून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. प्लास्टर निघाल्यावर गुडघा लाकडासारखा झाला आणि त्या माझ्याकडे आल्या. गुडघा किती वाकतो हे मी कोनमापकाने मोजते. दोन पट्ट्या एका खिळ्याने जोडलेलं साधं साधन, पण बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "कंपासपेटीतलं का? दे इकडे. तुला नीट वाचता येतं ना?" पहिल्या दिवशी गुडघा चाळीस अंश वाकला. पुढच्या सहा आठवड्यांत पंच्याण्णव. आणि मग जो तिथे थांबला तो थांबलाच. एक महिना पंच्याण्णव. दोन महिने पंच्याण्णव. बाई प्रत्येक वेळी डोळे मिटून "आई गं" म्हणायच्या आणि पट्टी पंच्याण्णववर उभी राहायची.

आता इथे माझ्या नवऱ्याला आत आणणं भाग आहे. हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. पाण्याशी त्यांचा फारसा संबंध येत नाही, ते अर्ज तपासतात. कंपनीचं परिपत्रक तेवीस पानी होतं. ते त्यांनी एका रविवारी आराम सोडून वाचलं, खुणा केल्या आणि म्हणाले, "अगं, पेशंटना कल्पना द्यायला हवी. नोटीस लावू." मला नोटीस नको होती. पण चोवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना अर्ज-नोटिशीच्या बाबतीत अडवायचं नाही हे शिकले आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं :

"गुडघा एकशेवीस अंश वाकल्यास, खांदा एकशेपन्नास अंश वर गेल्यास अथवा पाठ दुखावयाची थांबल्यास त्यापुढील उपचारांचे पैसे कंपनी या दवाखान्यास देणार नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी."

ही नोटीस बाकासमोरच्या भिंतीवर लागली आणि संबंधितांनी नोंद घेतली. एवढी मनापासून नोंद घेतलेली सरकारी भाषा मी दुसरी पाहिली नाही. पण हे मला तेव्हा कळलं नाही.

तेव्हा एवढंच कळलं की माझं काहीतरी चुकतंय. शिंपीकाकांचा खांदा नव्वदवर अडला. ड्रायव्हरकाका म्हणून एक आहेत, तीस वर्षं बस चालवून पाठीचं वाटोळं करून घेतलेले. चांगले वाकायला लागले होते, ते एकाएकी खुर्चीवरून उठताना कण्हायला लागले. मी रात्री झोपताना जुनी पुस्तकं वाचली. व्यायाम बदलून पाहिले. माझ्या हातातली कला गेली असं मला वाटायला लागलं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. पेशंट तर माझंच सांत्वन करायचे. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, डॉक्टरबाई," ड्रायव्हरकाका स्वतःच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "पाठच हट्टी आहे."

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. औषधवाला म्हणाला, एक गुडघा केला की दुसरा अर्ध्या दरात करा. ह्यांचे साडूभाऊ म्हणाले, मशीन घ्या, हल्ली लोक हातावर विश्वास ठेवत नाहीत, दिवा लागला पाहिजे. ते मला पटलं, कारण त्या दिवसांत मला काहीही पटत होतं. एका बंद पडलेल्या दवाखान्यातून मी विजेच्या झटक्यांनी स्नायू हलवणारं एक जुनं मशीन आणलं. चार माणसांनी ते जिन्यातून वर चढवलं, त्यांपैकी दोघांची कंबर धरली आणि ते दोघं माझे पेशंट झाले. एवढाच त्या मशीनचा धंद्याला झालेला फायदा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पेशंटचा पाय हलला नाही, पण सगळ्या इमारतीचे दिवे गेले. खाली औषधवाल्याचा फ्रीज बंद पडला. शेजारी शिंपीकाकांची इस्त्री बंद पडली आणि एका नवऱ्यामुलाची पँट अर्धी चुरगळलेलीच राहिली. दुसऱ्यांदा बटण दाबायची हिंमत कुणाचीच झाली नाही. आता त्या मशीनवर आम्ही टॉवेल वाळत घालतो.

आणि मग कंपनीचं पत्र आलं. माझ्या दवाखान्याचा सुधारणा गुणांक शंभरपैकी अकरा होता. यादीत आम्ही सगळ्यांत खाली होतो. पंधरा दिवसांत तपासणी होईल, समाधान न झाल्यास दवाखाना कंपनीच्या यादीतून काढण्यात येईल. म्हणजे दहांतले आठ पेशंट गेले आणि बिल्ला आला. मी ते पत्र घेऊन आतल्या खोलीत खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडायला मला तीच जागा बरी वाटते, सांगाड्याची पाठ असते तिकडे.

खाली फळवाल्याच्या गाडीशी मोठ्या बाई उभ्या होत्या. चार वाजताची त्यांची वेळ, वर यायच्या आधी संत्री घेत असाव्यात. पिशवीचा तळ फाटला आणि संत्री रस्त्यावर पळाली. मी खिडकीतून ओरडणार होते की बाई, थांबा, मी येते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मोठ्या बाई टुणकन खाली बसल्या. पूर्ण बसल्या, टाचांवर. तशाच बसल्या बसल्या बेडकासारख्या दोन पावलं पुढे सरकल्या, उभ्या केलेल्या गाडीखाली हात घालून सातवं संत्रं काढलं आणि कशाचाही आधार न घेता उठल्या. एकशेपस्तीस तरी होते. मी एवढ्या लांबूनही सांगू शकते, चोवीस वर्षांचा डोळा आहे.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझा गुडघा वाकला! आणि लगेच कानशिलं तापली.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, कठड्याला हात, सुस्कारा. दुसरं पाऊल, कठड्याला हात, सुस्कारा. बाई आत आल्या, खाटेवर पडल्या, मी कोनमापक लावला. "आई गं," बाई म्हणाल्या. पंच्याण्णव.

"सातही सापडली का?" मी विचारलं.

"काय?"

"संत्री."

आयुष्यभर पोरांच्या चोऱ्या पकडलेल्या बाई स्वतः पकडल्या गेल्यावर कशा दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी आधी छताकडे बघितलं, मग सांगाड्याकडे. मग उठून बसल्या, आणि चक्क मांडी घालून.

"तूच लिहिलंयस ना भिंतीवर?" त्या म्हणाल्या. "एकशेवीस झाले की तुला पैसे मिळणार नाहीत म्हणून? मग आम्ही बरं होऊन तुला उपाशी मारायचं का?"

"बाई, ते—"

"आधी मी बोलणार. बाहेर बाकावर आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. मी पंच्याण्णव, शिंपी नव्वद आणि ड्रायव्हरने कण्हायचं. त्याला जमत नव्हतं, मी घरी बोलावून सराव करून घेतला. समोर ते काचेचं दुकान उघडल्यापासून तुझा चेहरा बघतोय आम्ही. तू गेलीस तर मी त्या घंटेवाल्यांकडे जाऊ?"

मी खाली बसले, खाटेच्या कडेवर, बाईंच्या शेजारी. राग आला होता तो कुठे ठेवू ते सुचेना. तीन महिने मी माझ्या हातांना दोष देत होते आणि हे लोक त्याच हातांसाठी दुखणी वाढवून बसले होते. शेवटी मी पत्र बाईंना दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. कंपनी आता बरं करण्याचेच पैसे देते. पेशंट जितका लवकर बरा होईल तितके जास्त. हे परिपत्रकातल्या दुसऱ्या परिच्छेदात आहे.

"मग भिंतीवर का नाही?"

संध्याकाळी तेच मी ह्यांना विचारलं. "दुसरा परिच्छेद दवाखान्यासंबंधी होता," हे म्हणाले, "पेशंटसंबंधी नव्हता. असंबंधित मजकूर नोटिशीत घालत नाहीत. शिवाय एका पानात बसली पाहिजे." त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि मीच बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे परिपत्रक परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर बैठक झाली. मोठ्या बाईंनी फिरवलेला निर्णय जाहीर केला.

"म्हणजे आता बरं व्हायचं?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"ताबडतोब."

"किती बरं?"

"खरं आहे तेवढं," मी कळवळून म्हणाले. "फक्त खरं आहे तेवढं दाखवा."

पण माणसं एकदा कामाला लागली की तेवढ्यावर थांबत नाहीत. मोठ्या बाईंनी वेळापत्रक केलं. शिंपीकाकांनी तपासणीसाठी बगलेत सैल असा नवा सदरा शिवला, हात वर जाताना कापड आडवं येऊ नये म्हणून. आता मला त्यांच्या दुकानाच्या दारावरचा नवा पडदाही दिसला, चांगला आठ फुटांवर टांगलेला. मी रोज त्याच्याखालून जात होते आणि तो कुणी टांगला हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

कंपनीकडून आली ती माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी. हातात टॅबलेट, खांद्याला बॅग, चेहऱ्यावर काही नाही. ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि परिपत्रक प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ते कोपऱ्यात उभे होते. मी त्यांना काही बोलायचं नाही असं घरीच बजावलं होतं.

ड्रायव्हरकाकांनी आत येताच बुटाची नाडी बांधली. मग सोडली आणि परत बांधली. तिसऱ्यांदा सोडल्यावर मुलगी म्हणाली, "काका, कळलं." मोठ्या बाई न सांगता चार वेळा खाली बसल्या आणि उठल्या. मग शिंपीकाकांची पाळी. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात एवढ्या जोरात वर फेकले की उजवा हात सांगाड्याच्या दोरीत अडकला. सांगाडा खुंटीवरून सुटला आणि मुलीच्या मांडीवर येऊन बसला, अगदी हात गळ्यात टाकून. तिने शांतपणे त्याचा हात बाजूला केला. "याची करंगळी नाहीये," ती म्हणाली, आणि टॅबलेटमध्ये काहीतरी लिहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, मागच्या महिन्यात अकरा. आज सत्त्याण्णव. पंधरा दिवसांत असं होत नाही. एक तर तेव्हाचं खोटं होतं, नाहीतर आजचं खोटं आहे. दोन्ही बाबतीत मला दवाखान्याची खोटी नोंद म्हणूनच लिहावं लागेल."

चोवीस वर्षांत मी एका अंशाचीही खोटी नोंद केलेली नव्हती. पंच्याण्णव दिसले, पंच्याण्णव लिहिले.

"उभी राहा," मोठ्या बाई त्या मुलीला म्हणाल्या, आणि ती मुलगी खरंच उभी राहिली. "खोटं आम्ही वागलो. मी ठरवलं, ह्या दोघांनी ऐकलं. हिला यातलं काही माहीत नव्हतं. ही तर रोज आमच्यापुढे नवीन नवीन व्यायाम आणायची आणि आम्ही ते निर्लज्जपणे फुकट घालवायचो. लिही तसं."

मुलगी जरा गोंधळली. "आजी, लिहिते हो, पण यात तसा पर्यायच नाही. 'सुधारणा झाली', 'सुधारणा झाली नाही', 'पेशंट मयत'. एवढंच आहे."

"पान एकोणीस," कोपऱ्यातून आवाज आला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि फाइल उघडली. "परिशिष्ट ग, तळटीप. रुग्णाने उपचारांस हेतुपुरस्सर असहकार केला असल्यास रुग्णाच्या सहीने कारण नमूद करून मागील गुणांक रद्द समजण्यात यावा. नमुना जोडला आहे. मी तीन प्रती आणल्यात." ती तळटीप कंपनीतही कुणी वाचलेली नसावी. मुलीने ती दोनदा वाचली, फोन केला, पलीकडच्यांनाही ती वाचून दाखवली. त्या दहा मिनिटांत मी ह्यांना पहिली नोटीस माफ केली.

तिघांनी नमुने भरले. ड्रायव्हरकाकांनी कारणाच्या जागी "शेजारी बघा" असं लिहून बाईंच्या कागदाकडे बाण काढला. बाईंनी फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं : "हिचा दवाखाना बंद पडू नये म्हणून."

मुलीने ते वाचलं. "कारणात मी 'इतर' टाकते," ती म्हणाली. "पण मॅडम, हे तिघंही बरे आहेत. नियमाप्रमाणे आजच यांचे उपचार संपवावे लागतील."

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जिंकायच्या नादात सगळे बरे होऊन बसले होते. शिंपीकाका सांगाडा परत खुंटीला अडकवत होते ते तसेच थांबले.

"म्हणजे उद्यापासून यायचं नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पर्स उचलली, पदर सारखा केला आणि जाताना पहिल्यांदाच कठडा न धरता जिना उतरल्या. मला त्या पावलांच्या आवाजाचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण डोळे भरून आलेच.

गुणांकाचं पत्र चार दिवसांनी आलं. सत्त्याण्णव, खाली अभिनंदन. ह्यांनी ते चौकटीत बसवून नोटिशीच्या जागी लावलं. बाकीचे पेशंट केव्हाच समोरच्या काचेच्या सेंटरात गेले होते, बाक रिकामा होता. मशीन चढवताना कंबर धरलेले दोघं सकाळी येऊन गेले, तेही बरे होत आले होते. मी टॉवेलांच्या घड्या केल्या. मग त्या मोडून परत केल्या. सत्त्याण्णव गुणांचा दवाखाना चालतो कसा, हे त्या तेवीस पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. समोरच्या काचेमागची घंटा दर बारा मिनिटांनी ऐकू येत होती.

चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. पुढची झपझप येत होती. मागची एक पाऊल, कठडा, सुस्कारा अशी येत होती. मी दाराशी धावले.

"ही माझी धाकटी जाऊ," मोठ्या बाई म्हणाल्या. "न्हाणीघरात घसरली. त्या काचेच्या दुकानात निघाली होती, मी हाताला धरून इकडे आणली. घरी कंपासपेटी काढून मोजलंय मी. पंचेचाळीस. खरे पंचेचाळीस आहेत, चिमटा काढून बघितलाय. शिंपी उद्या त्याच्या मेव्हण्याला आणतोय आणि ड्रायव्हरकडे तर अख्खा डेपो पडलाय. आणि मी इथे बाकावर बसणार. बसायला तुझ्या कंपनीची हरकत आहे का?"

"बाकाबद्दल परिपत्रकात काही नाही," मी म्हणाले. आणि कोनमापक शोधायला लागले.

जाऊबाईंनी खोलीभर नजर फिरवली. चाक, पट्ट्या, टॉवेल घातलेलं मशीन, पायांना नऊच बोटं असलेला सांगाडा. मग जरा घाबरतच त्यांनी मोठ्या बाईंना हळूच विचारलं, "अहो, मालिश करताना फार दुखतं का हो?"

चोवीस वर्षांच्या सवयीने मी तोंड उघडलं. पण शाळेचं सबंध मैदान गप्प करणारा तो आवाज माझ्या आधी लागला.

"मालिश नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "फिजिओथेरपी म्हणायचं. आणि ताठ बस."

जाऊबाई ताठ बसल्या. मीसुद्धा.